भाडं गोठवलं तर मुंबईत घर मिळेल का? एका रिडेव्हलपमेंटवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: विचारणारे कांदिवलीला वन बीएचकेमध्ये भाड्याने राहतात, निम्मा पगार भाड्यात जातो आणि दर अकरा महिन्यांनी मालक भाडं वाढवतो. आईवडील मात्र गिरगावात चाळीत पागडीच्या खोलीत (म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या), तिथलं भाडं महिन्याला तीनशे रुपयांच्या आत. तर त्यांचं म्हणणं असं की सरकारने सगळीकडेच भाडी गोठवावीत, रिकाम्या फ्लॅटवर जबर टॅक्स लावावा, आणि हे जे "मार्केटवर सोडा" म्हणतात ते सगळे बिल्डरचे दलाल नाहीत का?

मी सिव्हिल इंजिनियर आहे. सुरुवातीची बरीच वर्षं पालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्यात फायली फिरवल्या, आमच्यात त्याला लायझनिंग म्हणतात, आणि आता सोसायट्यांसाठी रिडेव्हलपमेंटचं पीएमसी, म्हणजे प्रोजेक्ट सल्लागार, म्हणून काम करतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. आणि हो, मी मार्केटवालाच आहे, लपवण्यासारखं काही नाही. पण दलाल वगैरे म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या की हा विचार काही परवा अमेरिकेतून आलेला नाहीये. खुल्या बाजाराची बाजू मांडणारं फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज मुंबईतच १९५६ ला सुरू झालं, आणि शरद जोशींची शेतकरी संघटना "भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणत रस्त्यावर उतरली ती सरकारने भाव पाडू नयेत यासाठीच. शेतकऱ्याला पटलेली गोष्ट शहरातल्या माणसाला बिल्डरची भाषा का वाटते हे मला नीट कळलेलं नाही.

असो, मुद्द्यावर येतो. तुमच्या घरात दोन भाडी आहेत ना, एक तीनशेच्या आतलं आणि एक निम्मा पगार खाणारं, ती दोन वेगळ्या जगातली नाहीत, पहिलं आहे म्हणून दुसरं तेवढं आहे. पटणार नाही लगेच, पण जरा इतिहास बघा.

मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्यांदा आलं १९१८ ला, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, तात्पुरतं म्हणून. मग १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि त्यात 'स्टँडर्ड रेंट' म्हणून जे ठरलं ते साधारण १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच. तेव्हा फाळणी, निर्वासित, युद्धानंतरची टंचाई, त्या काळात असा कायदा आला यात मला काही आश्चर्य वाटत नाही, वाईटही वाटत नाही. गडबड ही झाली की तो काही वर्षांपुरता कायदा मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षं चालला. त्या पन्नास वर्षांत रुपयाचं काय झालं ते सांगायला नको, पण खोलीचं भाडं तिथेच.

आता यात सगळ्यात मोठं नुकसान कोणाचं झालं? लोक म्हणतात घरमालकाचं. चूक. घरमालक मेला, मुलांनी वाटणी मागितली, विषय संपला. नुकसान झालं ते त्यानंतर मुंबईत आलेल्या प्रत्येक भाडेकरूचं. कारण गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या ज्या चाळी आपण आज प्रेमाने आठवतो त्यातल्या बहुतेक खाजगी मालकांनी भाड्यासाठी बांधलेल्या होत्या (बीडीडी चाळी सरकारी, त्या वेगळ्या). माणूस चार पैसे साठले की चाळ बांधायचा, कारण भाड्यातून पैसे सुटायचे. ते सुटायचे बंद झाले तेव्हा भाड्यासाठी बांधणं बंद झालं, आणि सगळा धंदा ओनरशिपकडे वळला. कामगाराने, कारकुनाने नोकरीला लागल्या लागल्या पगारातून परवडेल अशी भाड्याची खोली घ्यावी हा प्रकारच शहरातून गेला, उरलं काय तर झोपडी नाहीतर कर्ज काढून फ्लॅट, आणि ज्याच्याकडे ओळख आणि रोकड त्याला पागडी.

अजून एक तारीख आहे जी आमच्या धंद्यातल्या म्हाताऱ्या वकिलांना झोपेत विचारली तरी सांगतील, १ फेब्रुवारी १९७३. लोकांनी भाडे कायद्यातून सुटण्यासाठी 'लीव्ह अँड लायसन्स' काढलं होतं, म्हणजे भाडेकरू नाही, फक्त परवानाधारक. सरकारने कायदा बदलून सांगितलं की त्या तारखेला जे जे लायसन्सवर राहतायत ते सगळे आता संरक्षित भाडेकरू. एका फटक्यात. ज्याने विश्वासाने भाच्याच्या मित्राला वर्षभर जागा दिली त्याची जागा गेली. त्यानंतर जागा कुलूप लावून ठेवतील पण भाड्याने देणार नाहीत ही मानसिकता मुंबईकर मालकांत जी बसली ती अजून पूर्ण गेलेली नाही, आज पन्नास वर्षांनीही सत्तरीतले काका मला विचारतात, "साहेब, भाड्याने दिला तर सोडेल ना?" म्हणून तुम्ही म्हणता तसं भाडं परत गोठवलं तर पहिल्या दिवशी तुमचं भाडं वाढायचं थांबेल हे खरं, पण पुढच्या वर्षी तुम्हाला घर बदलायचं असेल, लग्न झालं, मूल झालं, ऑफिस ठाण्याला गेलं, तर बाजारात घरच नसेल. गोठवलेलं भाडं आत बसलेल्याला मिळतं, दाराबाहेर उभ्या असलेल्याला नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मालपे विश्वनाथ आचार्य केसमध्ये स्पष्ट म्हटलं की हे गोठवलेलं भाडं आता अवाजवी आणि मनमानी झालंय. रद्द मात्र केलं नाही कारण कायद्याची मुदत तशीही संपत होती आणि सरकार नवा कायदा आणणार म्हणालं. नवा आला, १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात काय केलं? बँका, सरकारी कंपन्या, एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून बाहेर काढलं, आणि बाकीच्यांना वर्षाला ४ टक्के वाढ. ऐकायला बरं वाटतं पण ४ टक्के कशावर, तर त्याच जुन्या आकड्यावर. ऐंशी रुपयांचे चार टक्के तीन रुपये वीस पैसे. त्यात चाळीचा जिना काय, जिन्याची एक पायरी दुरुस्त होत नाही.

मग दुरुस्ती कोण करणार? त्यासाठी १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळ काढलं, सेस म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर लावला, नंतर ते मंडळ म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण संस्थेत गेलं. सुरुवातीला १९,६४२ सेस इमारती होत्या. मालकाला भाड्यात परवडत नाही, भाडेकरूला आपली नाही म्हणून खर्च करवत नाही, म्हाडाकडे पैसे आणि कंत्राटदार दोन्हीची बोंब. टेकू लावलेल्या इमारती दरवर्षी पावसाळ्याआधी 'अतिधोकादायक' म्हणून यादीत येतात, लोक हलत नाहीत कारण ट्रान्झिट कॅम्पला, म्हणजे तात्पुरत्या घरात, गेलेला माणूस कधी परत येतो ते त्यांना माहितीये. २०१७ च्या ऑगस्टअखेर भेंडी बाजारजवळची हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. २०१९ ला डोंगरीत अजून एक. दरवेळी चौकशी होते, कोणत्या अधिकाऱ्याने नोटीस दिली होती आणि कोणी नव्हती दिली यावर. भाड्याचा विषय कोणी काढत नाही.

आता रिकाम्या घरांचं. हो, आहेत. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत २०११ च्या जनगणनेचा आकडा दिला होता, मुंबईत ४.८ लाख घरं रिकामी, देशात सगळ्यात जास्त. आणि कारणं दिली होती त्यात भाडे कायदा आणि मालकी हक्कांची अस्पष्टता ही होतीच. मुंबईत फ्लॅटच्या किमतीच्या मानाने भाडं वर्षाला अडीच-तीन टक्के सुटतं, त्यात मेंटेनन्स, टॅक्स, रंगकाम, एजंटचं एक महिन्याचं भाडं, वर "सोडेल ना" ही धास्ती. दुबईतला किंवा नाशिकचा मालक म्हणतो राहू दे बंद. यावर दंडात्मक टॅक्स लावला तर काय होईल ते मी आत्ताच सांगतो: पुतण्याच्या नावाने एक अ‍ॅग्रीमेंट होईल, महिन्यातून एकदा जाऊन लाईट-पंखा चालू करून येतील, आणि वॉर्ड ऑफिसमध्ये 'घर रिकामं नाही' हे सर्टिफाय करणारं एक नवीन टेबल तयार होईल. त्या टेबलावर काय चालेल हे तुम्हीही ओळखता. शिवाय त्या रिकाम्यांपैकी कितीतरी घरं अशी की इमारतीला ओसीच (पालिकेचा राहण्यायोग्य असल्याचा दाखला) नाही, किंवा वारसांचा वाद कोर्टात, त्यांना टॅक्स लावून भाडेकरू थोडाच मिळणार आहे.

आणि इथे माझं मत ऐकून बरेच मार्केटवाले माझ्यावर चिडतात. मला प्रॉपर्टी टॅक्स वाढलेला चालेल. सगळ्यांना, रिकामं असो भरलेलं असो. पालिकेने २०१० पासून भांडवली मूल्यावर टॅक्स आणला ते योग्यच होतं, त्याआधी तो भाड्याच्या हिशोबाने लागायचा म्हणजे कुलाब्याच्या जुन्या प्रशस्त फ्लॅटला गोरेगावच्या नव्या वन रूम किचनपेक्षा कमी टॅक्स अशी गंमत होती. पण मग २०२२ ला ५०० स्क्वेअर फुटांपर्यंतची घरं टॅक्समधून माफ केली. लोकांना आवडलं, मला पण आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी पेढे दिले. पण हे पैसे कुठून तरी येणारच ना? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा जकात गेली, मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवर ट्रकच्या ज्या रांगा लागायच्या त्या संपल्या, फार चांगलं झालं, रात्रभर ट्रक उभा म्हणजे मालाचा भाव वाढणारच. पण जकात हे पालिकेचं सगळ्यात मोठं स्वतःचं उत्पन्न होतं, त्या बदल्यात आता राज्याकडून भरपाईचा चेक येतो, म्हणजे आपली पालिका मंत्रालयाच्या तोंडाकडे बघत बसणार. जकात गेली, छोट्या घरांचा टॅक्स गेला, मग स्वतःच्या हातातलं मोठं असं उरलं काय? नवीन बांधकामावरचा प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामाच्या किंवा सवलतीच्या परवानगीसाठी भरायचे पैसे.

हे प्रीमियम प्रकरण जरा सविस्तर सांगतो कारण माझं पोटच त्यावर आहे, आणि तुमच्या वन बीएचकेची किंमत मुख्यतः इथे ठरते.

समजा अंधेरी-गोरेगावकडे १००० मीटरचा प्लॉट आहे, म्हणजे चौरस मीटर, आम्ही नुसतं मीटर म्हणतो. उपनगरात बेस एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १, शहरात १.३३, हे आकडे १९९१ च्या नियमावलीपासून चालत आलेत आणि २०३४ पर्यंतच्या सध्याच्या नियमावलीत, म्हणजे डीसीपीआरमध्येही बेस तोच. म्हणजे १००० मीटर बांधकाम तुमच्या हक्काचं. रस्ता ९ मीटरचा असेल तर अर्धा एफएसआय सरकारकडून प्रीमियम भरून घ्यायचा, अर्धा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क, बाजारातून विकत घ्यायचा, झाले २०००. त्यावर ३५ टक्के फंजिबल नावाचा जादा एफएसआय, तेही जुन्या सभासदांच्या एरियापुरतं सोडलं तर पैसे भरून, झाले २७००. म्हणजे त्या प्लॉटवर २७०० मीटर बांधता येतं हे सरकारला मान्य आहे, पाण्याची लाईन तेवढ्याला पुरते, गटार तेवढ्याला पुरतं, फायर ब्रिगेडला चालतं. मग हक्काचं फक्त १००० का? बाकीचं विकता यावं म्हणून. आणि हे पैसे बिल्डर खिशातून देतो असं समजू नका, तो ते फ्लॅटच्या दरात घालतो नाहीतर जुन्या सभासदांना द्यायच्या वाढीव एरियातून कापतो.

त्याहून भारी म्हणजे ओपन स्पेस डेफिशियन्सी, म्हणजे मोकळी जागा कमी सोडल्याचा प्रीमियम. नियम म्हणतो इमारतीच्या उंचीच्या हिशोबाने बाजूला इतके मीटर मोकळी जागा सोडा. मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांचे प्लॉट एवढे चिंचोळे की ती जागा सोडली तर मध्ये इमारत म्हणून एक लिफ्टचा खांब उभा राहील. म्हणजे जवळपास प्रत्येक प्लॅनला सवलत लागते, 'हार्डशिप' म्हणून कन्सेशनची नोट वर जाते, मंजूर होते, प्रीमियम भरला जातो. आता मला सांगा, जो नियम जवळपास कोणीच पाळू शकत नाही आणि पैसे भरले की माफ होतो, तो हवा-उजेडासाठी आहे का? हवा-उजेडासाठी असेल तर पैसे भरून माफ होता कामा नये, आणि माफ होण्यासारखा असेल तर ठेवायचाच कशाला. जिना-लिफ्ट-लॉबीचा वेगळा प्रीमियम, डेव्हलपमेंट चार्ज, लेबर सेस, मोकळ्या जमिनीवरचा टॅक्स, यादी मोठी आहे, सोडून देतो.

यावर लोक म्हणतात अहो पण इन्फ्रास्ट्रक्चर फुकट येतं का. नाही येत. त्यासाठी पैसे घ्या, जरूर घ्या, पण एकच रेट, प्रति मीटर, कॉम्प्युटरवर दिसेल असा, आणि तो पैसा त्याच वॉर्डच्या पाण्याला-गटाराला लागला पाहिजे. आत्ता प्रीमियम एफएसआयचा पैसा पालिका, राज्य सरकार आणि इतर सरकारी संस्थांमध्ये वाटला जातो, गोरेगावच्या माणसाने भरलेल्या पैशातून गोरेगावचं गटार रुंद होईलच याची काही खात्री नाही.

हे कमी केलं तर काय होतं याची एक झलक कोविडच्या वेळी मिळाली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने स्टँप ड्युटी ५ वरून २ टक्क्यांवर आणली डिसेंबरपर्यंत, आणि त्या डिसेंबरात मुंबईत १९ हजारांच्या वर घरांची नोंदणी झाली, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर रात्रीपर्यंत लोक. मग जानेवारी २०२१ मध्ये दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून बांधकाम प्रीमियम वर्षभरासाठी निम्मे केले, अट अशी की ग्राहकाची स्टँप ड्युटी बिल्डरने भरायची. रेट निम्मा करूनही पालिकेची त्या खात्यातली वसुली त्या वर्षी अंदाजाच्या कितीतरी पट झाली, अडकलेले प्रोजेक्ट धडाधड हलले, आमच्या ऑफिसात जेवायला वेळ नव्हता. फ्लॅट स्वस्त झाले का? खरं सांगायचं तर दर फारसे उतरले नाहीत. कारण ती सुधारणा नव्हती, सेल होता. ३१ डिसेंबरला संपणार म्हटल्यावर ज्यांच्याकडे पैसा त्यांनी स्वस्तात एफएसआय भरून ठेवला. कायमचं निम्मं केलं असतं तर नवीन प्लॉट, नवीन छोटे बिल्डर, सोसायट्यांचं सेल्फ रिडेव्हलपमेंट हे सगळं वाढून दोन-चार वर्षांत दरावर परिणाम दिसला असता असं माझं मत आहे, पण ते करून कोणी बघितलं नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा, एफएसआय वाढवला तर गर्दी वाढेल, लोकलमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही. बघा, शहर भागाची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन, लोकसंख्या २००१ ला ३३ लाखांच्या वर होती आणि २०११ ला ३१ लाखांच्या आत आली. ज्या दहा वर्षांत लालबाग-परळला टॉवर उभे राहत होते त्याच दहा वर्षांत. माणसं टॉवरमुळे येत नाहीत, कामामुळे येतात. एफएसआय आवळून धरला म्हणून माणसं यायची थांबली नाहीत, माणशी जागा कमी झाली इतकंच, आणि २०११ च्याच जनगणनेत मुंबईतली सुमारे ४१ टक्के माणसं झोपडपट्टीत निघाली. तिथे एफएसआय कोण मोजतंय. त्यात १९७६ चा जमीन कमाल मर्यादा कायदा, ५०० मीटरच्या वरची मोकळी जमीन सरकार घेणार आणि गरिबांना घरं बांधणार म्हणे. झालं काय, मालकांनी जमिनी कोर्टात अडकवल्या, काहींनी 'सूट' मिळवली, आणि सूट देण्याचा अधिकार हीच एक इंडस्ट्री झाली. केंद्राने १९९९ ला तो रद्द केला, आपल्या राज्याला २००७ उजाडलं.

म्हणजे काहीच नियम नकोत का? असं मी कधीच म्हटलं नाही. विलेपार्ले-कुर्ल्याला विमानाच्या फनेलमुळे, म्हणजे विमान उतरण्या-चढण्याच्या वाटेमुळे, उंचीची मर्यादा आहे, ती हवीच, तिथे प्रीमियम भरून विमान वर उचलता येत नाही. फायरचे नियम हवेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा मिठी नदीत भराव घालून काय काय केलं होतं ते सगळ्यांनी बघितलं, नदी-नाला-खाडी हे सरकारने दात-ओठ खाऊन राखलं पाहिजे. रेराचं, म्हणजे बिल्डरवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं, तर मी स्वागत केलं होतं, मे २०१७ पासून महारेरा आलं, कार्पेट एरिया काय, ताबा कधी, लिहून द्या आणि पाळा. करार पाळायला लावणं हे मार्केटच्या विरुद्ध नाही, त्याच्याशिवाय मार्केट चालतच नाही. पण पार्किंगचं घ्या. तुम्ही ट्रेनने जाता, गाडी नाही, घ्यायचा विचारही नाही, तरी घरांच्या कार्पेट एरियाच्या हिशोबाने बिल्डिंगला इतकी पार्किंग द्यायलाच लागतात, मग पोडियमचे चार-पाच मजले येतात आणि त्याचं सिमेंट-स्टील तुमच्या दरात बसतं. कोणाला पार्किंग हवं त्याने वेगळं विकत घ्यावं, एवढी साधी गोष्ट.

आता तुमच्या 'दलाल'वर परत येतो. माझा अनुभव असा की मोठ्या बिल्डरला मोकळं मार्केट अजिबात नको असतं. त्याला हा गुंता हवा असतो. शेकडो पानांची नियमावली, वर सर्क्युलर, सर्क्युलरवर क्लॅरिफिकेशन, प्रत्येक स्टेजला एनओसी, सुरुवातीलाच भरायचे कोट्यवधी प्रीमियम, हे सगळं झेपतं कोणाला? ज्याच्याकडे स्वस्त पैसा आहे आणि ज्याचा फोन उचलला जातो त्याला. डोंबिवलीत चार मजली नीट बांधणारा चांगला कॉन्ट्रॅक्टर मुंबईत येऊच शकत नाही. गिरण्यांच्या जमिनीचं आठवा, १९९१ च्या नियमात एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेलं मालकाला असं होतं, २००१ ला एका दुरुस्तीने ते फक्त 'मोकळ्या' जमिनीला लागू झालं, आणि पालिका-म्हाडाचा वाटा आक्रसून गेला, २००६ ला सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. याला कोणी मुक्त बाजार म्हणत असेल तर म्हणो. नियम बदलण्याची ताकद ज्याच्याकडे, त्याचा तो बाजार.

स्पर्धा आली की काय होतं हे याच शहरात बघायचं तर लाईटबिल बघा. उपनगरात २००९ पासून तुम्ही एका कंपनीच्या तारेवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेऊ शकता, खांब तोच, तार तीच, बिल दुसऱ्याचं. वीज नियामक आयोगाचं लक्ष आहे, दर मंजूर करून घ्यावे लागतात, पूर्ण मोकळं अजिबात नाही, पण ग्राहक सोडून जाऊ शकतो एवढ्यानेच कस्टमर केअरचा आवाज बदलतो. देशात बहुतेक ठिकाणी ही सोय नाहीये.

बरं, धोरण बदलेल तेव्हा बदलेल, तोपर्यंत तुम्ही काय करायचं ते सांगतो, कारण तुमचा खरा त्रास तोच आहे.

कांदिवलीच्या मालकाशी अकरा महिन्यांचं करू नका, तीन वर्षांचं लीव्ह अँड लायसन्स करा, वाढ किती टक्के ते आधीच लिहून, आणि रजिस्टर करा. भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे रजिस्टर करणं मालकाची जबाबदारी आहे, आणि नसेल केलं तर अटींबाबत वाद झाल्यावर तुमचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. बरेच मालक लांब मुदतीला घाबरतात ते त्या १९७३ मुळेच, त्यांना समजावून सांगा की आताच्या कायद्यात कलम २४ आहे, मुदत संपली की सक्षम प्राधिकरणाकडे जाता येतं आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. माझ्या ओळखीतले मालक या एका वाक्यावर तयार झालेत.

गिरगावच्या खोलीचं जास्त महत्त्वाचं. इमारत सेसची असेल तर डीसीपीआरच्या नियम ३३(७) खाली ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीने रिडेव्हलपमेंट होऊ शकतं, किमान ३०० स्क्वेअर फूट कार्पेट मिळतं. २०२२ पासून म्हाडा कायद्यात ७९-अ आहे, इमारत धोकादायक ठरली की मालकाला सहा महिने, त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, नाहीतर म्हाडा ताब्यात घेऊ शकते. त्यावरून कोर्टबाजी झालीये, त्यामुळे जमीन-जागेच्या कामातला वकील बघूनच पाऊल टाका, आणि सगळ्या चाळकऱ्यांनी एकच वकील करा, मजल्यामजल्याचे तीन गट आणि तीन वकील झाले की बिल्डर खुश.

आणि तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत तिथे राहणारा घरातला सदस्य आधी भाडेकरू ठरतो, तसं कोणी नसेल तर वारसांपैकी कोणी, आणि भावाबहिणींचं जमलं नाही तर कोर्ट ठरवणार. तुमचा भाऊ किंवा बहीण गिरगावात आईवडिलांबरोबर राहत असेल आणि तुम्ही कांदिवलीला, तर हे आत्ताच घरात बसून बोलून घ्या. पावती वडिलांच्याच नावावर आहे का, का अजून आजोबांच्या, तेही बघा. दुसरं म्हणजे आईवडिलांना कांदिवलीला आणून खोलीला सरळ कुलूप लावायचा विचार असेल तर थांबा: योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला ताबा मागायला ते कारण पुरतं, आणि पागडीचे मालक हल्ली याच्यावर डोळा ठेवून असतात, लाईटचं मीटर फिरलं की नाही याचे फोटो काढून ठेवणारेही बघितलेत. खोली काढायचीच असेल तर कलम ५६ मुळे भाडेहक्काच्या बदल्यात पैसे घेणं आता बेकायदा नाही, मालकाचा हिस्सा रिवाजाने एक तृतीयांशच्या आसपास सांगितला जातो, पण तो आकडा कायद्यात कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे तिथे घासाघीस करा.